चिठ्ठीवर जात लिहिलीस, तिथंच डाव फसला

या वेळचं पत्र आहे 'चिठ्ठीवाली' अशी सही करणाऱ्या एका मुलीचं. पत्र मोठं होतं, थोडं कापून देते.

"ताई नमस्कार. मी कागल तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजला समाजशास्त्र शिकवते, सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे. अकरावीला 78 पोरं आहेत. 'सामाजिक स्तरीकरण', म्हणजे समाजातली उतरंड, नुसतं डिक्टेट करून मलाच झोप यायला लागली म्हणून खेळ घेतला. चिठ्ठ्यांवर जातींची नावं लिहिली, ज्याला जी येईल त्यानं तासभर तसं वागायचं. पहिली दहा मिनिटं नुसता हशा. मग एक मुलगी उठून बाहेर गेली ती आलीच नाही. तेवढ्यात बेल झाली. दुसऱ्या दिवसापासून काही पोरं एकमेकांना चिठ्ठीवरच्या नावानं हाका मारतायत. विभागप्रमुख म्हणाले, मॅडम खेळायला ग्राउंड आहे, वर्गात पोर्शन संपवा. ताई, खेळ बंदच करू का? आणि खरं सांगा, माझं चुकलं का?"

चुकलं, पोरी. खरं सांगा म्हणालीस म्हणून आधी तेच सांगून टाकते म्हणजे पुढचं नीट बोलता येईल. पण खेळ घेतलास हे चुकलं नाही. चिठ्ठीवर खरी जात लिहिलीस हे चुकलं, आणि खेळानंतर बोलायला वेळच ठेवला नाहीस हे त्याहून जास्त चुकलं.

अगं, तुझ्या वर्गातल्या पोरांना चिठ्ठी काढायची गरजच नाही ना, त्यांची चिठ्ठी जन्मालाच निघालेली आहे. ज्याच्या चिठ्ठीवर वरची जात आली त्याला तासभर मजा, आणि जिची खरी जात दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात चिठ्ठी होऊन आली आणि तो तिची नक्कल करून सगळ्यांना हसवत बसला, तिला काय झालं असेल? ती मुलगी का उठली हे मला माहीत नाही, तुलाही माहीत नसेल, आणि तिला वर्गात उभं करून विचारूही नकोस. पण शक्यता काय काय असतात ते तुझ्या लक्षात आलंच असेल एव्हाना.

म्हणून पुढच्या खेळाचं बोलायच्या आधी दोन कामं. एक म्हणजे त्या मुलीला एकटीला भेट, स्टाफरूममध्ये नको, तिथं दहा कान असतात. व्हरांड्यात, जाता जाता, आणि सरळ म्हण, "मी खेळ चुकीचा मांडला, सॉरी." एवढंच. तिनं काही सांगितलं तर ऐक, नाही सांगितलं तर खोदू नकोस. दुसरं, वर्गात जाऊन पहिल्या पाच मिनिटांत सांग की चिठ्ठ्या ही माझी चूक होती, त्या फाडून टाकल्या, आणि आजपासून त्या नावानं कुणी कुणाला हाक मारलेली मला चालणार नाही. हसत हसत सांगू नकोस. जातीवरून हाक मारणं ही गंमत नाही, त्यातनं अ‍ॅट्रॉसिटीची केस उभी राहू शकते, एवढं पोरांना कळलं पाहिजे, आणि तरीही कुणी थांबलं नाही तर प्राचार्यांच्या कानावर तूच घाल, दुसऱ्या कुणी घालायच्या आधी.

हे केल्याशिवाय पुढचं वाचू नकोस. म्हणजे वाच, पण कर.

तू एकटीच अशी नाहीस हेही सांगते. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या रायसव्हिल नावाच्या गावात जेन एलियट नावाची तिसरीची बाई होती. 4 एप्रिल 1968 ला काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला आणि दुसऱ्याच दिवशी हिनं वर्गात निळ्या डोळ्यांची पोरं आणि तपकिरी डोळ्यांची पोरं असे दोन गट केले, एक दिवस हे श्रेष्ठ, नंतर उलटं. जगभर नाव झालं बाईंचं. आणि तेव्हापासून भांडणही चालू आहे की एवढ्याशा पोरांना असं दुखवून शिकवायचा अधिकार बाईंना कुणी दिला. माझं मत विचारशील तर पोराच्या अंगावर जे आहे, म्हणजे डोळे, रंग, आडनाव, त्याचा सोंगटीसारखा वापर करायचा नाही. खेळ झाल्यावर सोंगटी डब्यात टाकता आली पाहिजे.

आता मी शिकवत होते तेव्हा काय करायचे ते सांगते, आवडलं तर घे.

गॅरी शर्ट्स नावाच्या अमेरिकन माणसानं 1969 साली 'स्टारपॉवर' नावाचा खेळ काढला. त्यात चौकोन, गोल आणि त्रिकोण असे तीन गट असतात, चकत्यांची देवाणघेवाण असते, आणि गंमत अशी की सगळ्यांना वाटतं डाव सरळ चाललाय पण चकत्या वाटतानाच गडबड केलेली असते. दोन फेऱ्या झाल्या की वरच्या गटाला सांगायचं, तुम्ही चांगले खेळलात म्हणून आता नियम तुम्ही करा. तिथनं पुढं काय होतं ते बघत बसायचं. मी त्याचं आपल्याकडचं घरगुती रूप केलं होतं, कारण चकत्या कुठनं आणणार आणि कुणाच्या पैशानं.

साहित्य म्हणजे काचेच्या गोट्या, कवड्या, बटणं, चिंचोके, आणि आहेराची पाकिटं, ती साधी पांढरी, चोवीस. गोटी 20 मार्काची, कवडी 10, बटण 5, चिंचोका 1. प्रत्येक पाकिटात पाच वस्तू. आठ पाकिटांत दोन गोट्या, दोन कवड्या, एक बटण, म्हणजे झाले 65. आठ पाकिटांत दोन कवड्या, दोन बटणं, एक चिंचोका, हे 31. आणि उरलेल्या आठांत एक बटण आणि चार चिंचोके, बिचारे 9. पाकिटं बाहेरून एकसारखीच दिसली पाहिजेत हां, आणि कुठलं कुठल्या ढिगातलं हे फक्त तुला माहीत.

मग पाच मिनिटं सौदे. एका वस्तूच्या बदल्यात एकच वस्तू, एकदा हात मिळवला की सौदा मोडायचा नाही, आणि एकाच प्रकारच्या चार वस्तू जमवल्या तर 10 मार्क जादा. पाच मिनिटांनी बेरीज करून मार्कांप्रमाणे तीन रांगा कर. वरची, मधली, खालची. त्यातही खालचा एखादा पोरगा सौद्यात वर येतो, त्याचं सगळ्यांसमोर कौतुक कर, मुद्दाम. ते कौतुक फार कामाचं असतं, कारण त्यानंतर सगळ्यांना पटतं की कष्ट केले की वर जाता येतं. दुसऱ्या फेरीला नवी पाकिटं, आणि वरच्या रांगेला जाड ढिगातली द्यायची, न बोलता. मग बेरीज, आणि मग नियम करायचा अधिकार वरच्यांना.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलेलं पोरं समजूतदार आहेत, थोडं वाटून घेतील. वरच्या रांगेत वर्गातली सगळ्यात गरीब स्वभावाची पोरगी होती, कधी मान वर करून बोलायची नाही. पहिला नियम तिनंच सुचवला की खालच्या रांगेनं आमच्याशी बोलायच्या आधी हात वर करायचा. दुसरा नियम, आम्ही मागितलेली वस्तू द्यायलाच लागेल पण तुम्ही मागितली तर आमची मर्जी. आणि खालच्या रांगेत काय चाललेलं? दोघंजण बाकाखालून बटणं ढापत होते, चौघी भेंड्या खेळायला लागल्या, आणि मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "मॅडम, तुमचं चालू द्या, आमचं काय नडतंय." मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. परात्मता, म्हणजे यात आपलं काहीच नाही असं वाटणं, शिकवायला मला दोन तास लागायचे आणि ह्यानं एका ओळीत उरकलं.

मग मी वरच्यांना विचारलं, तुम्ही जिंकला कसे? सगळे म्हणाले डोकं लावलं, बोलता आलं पाहिजे, हे खालचे नुसते बसून होते. तेव्हा मी तिन्ही ढिगांची एकेक न उघडलेली पाकिटं टेबलावर ओतली.

वर्गात दोन मिनिटं कुणी बोललं नाही. त्या मुलीनं मान खाली घातली, आणि ती तशीच राहू नये म्हणून मी लगेच म्हटलं की तुझ्या जागी मी असते तरी हेच केलं असतं, तू वाईट नाहीस, जागा तशी होती. हे वाक्य विसरायचं नाही. पोरांना वाटता कामा नये की मॅडमनी आपल्याला पकडलं, नाहीतर पुढच्या तासाला तोंड उघडणार नाहीत.

आता खरं काम इथं चालू होतं आणि तुझी बेल इथंच झाली. जेवढा वेळ खेळ तेवढाच वेळ बोलणं, त्याच्या खाली यायचं नाही, आणि त्यासाठी जोड तास मागून घे. चाळीस मिनिटांच्या एका तासात हा खेळ घ्यायचाच नाही. मीही एके वर्षी हा गाढवपणा केलाय. पाकिटं फोडायच्या आधी बेल झाली, पोरं पळाली, आणि खालच्या रांगेतल्या एका पोरानं घरी सांगितलं की मॅडमनी मला ढ पोरांत बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्याची आई गेटवर. बाई बरोबरच होती. शेतावरचं काम सोडून आली होती आणि मी तिला टेबलावर पाकिटं मांडून दाखवत होते. शेवटी म्हणाली, "मग हे आदी सांगायचं व्हतं की त्याला." आदीच सांगायचं होतं.

बोलण्यात काय विचारायचं? आधी नुसतं काय काय झालं ते, क्रमानं, मत नको. मग कुणाला कधी राग आला, कधी कंटाळा आला. मग बाहेर असं कुठं दिसतं, आणि इथं पोरांना थांबवायचं नाही, ट्यूशनची फी येते, एमआयडीसीतली कंत्राटी नोकरी येते, कुणाच्या नावावर ऊस आणि कुणाच्या हातात कोयता हे येतं. आणि शेवटी एक प्रश्न जो बरेच जण विचारत नाहीत आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, की हा खेळ खोटा कुठं आहे?

कारण तो खोटा आहेच. चिंचोके संपले की पोरगा घरी जातो आणि जेवतो. पाकीट बदलता येतं, जात बदलता येत नाही. या खेळातनं आर्थिक वर्ग बरा कळतो, जात नीट कळत नाही, कारण आर्थिक वर्गात माणूस एकटा वर जाऊ शकतो आणि जातीत पैसा आला तरी लग्न ठरवताना आडनाव विचारलं जातंच. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांनी 1952 च्या कूर्गवरच्या पुस्तकात संस्कृतीकरण मांडलं, तिथं अख्खी जात वरच्यांच्या चालीरीती उचलून वर सरकायला बघते आणि तेही हळूहळू, पिढ्या जातात. हे पोरांकडनंच काढून घे. त्यांना विचार, खेळात काय बदललं म्हणजे ही जात होईल? माझ्या एका बॅचनं सांगितलं होतं की मॅडम, पाकिटावर नाव घाला, आणि पोराला बापाचंच पाकीट द्या. मी त्या पोरांना वीसपैकी वीस दिले, नियमात बसत होतं का माहीत नाही.

आणि कोल्हापुरात शिकवतेस तर पुढची पायरी तुझ्या दारात आहे. विचार त्यांना, वरच्या रांगेतल्याच कुणी नियम बदलला तर? 26 जुलै 1902 ला शाहू महाराजांनी हुकूम काढला की संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतल्या लोकांना द्यायच्या. म्हणजे नियम करायचा अधिकार ज्याच्या हातात, त्यानंच पाकिटं वाटायची पद्धत बदलली. पोरांना हे पाठ असतं, पुतळ्यापाशी भाषण पण ठोकतात, पण डावात खालच्या रांगेत बसून आल्यावर 'पन्नास टक्के' हा आकडा वेगळाच ऐकू येतो. मग वरच्या रांगेला सांग, पुढच्या फेरीत जाड ढिगातली चार पाकिटं खालच्यांसाठी राखून, आणि होणारं भांडण ऐक. जे मुद्दे बाहेर आरक्षणावर चहाच्या टपरीवर निघतात ना, तेच्या तेच चिंचोक्यांवरनं निघतात, पण इथं कुणाची जात काढायला लागत नाही. दलित समाजातल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलची गोष्टही इथंच सांग, महाराज लवाजमा घेऊन तिथं चहा प्यायला जायचे. फक्त तिचं नाटक बसवू नकोस. गोष्टच सांग.

सगळ्या गोष्टींना एवढा मोठा डाव लागतो असं नाही. घराघरात 'व्यापार' असतो, मे महिन्यात भांडणं लावणारा. त्याचा आजोबा म्हणजे लिझी मॅगी या बाईनं 1904 साली पेटंट घेतलेला 'लँडलॉर्ड्स गेम', आणि बाईंचा हेतू पोरांना श्रीमंत व्हायला शिकवायचा नव्हताच, जमीन एकाच्या हातात गेली की बाकीचे कसे नागवले जातात ते दाखवायचा होता. पुढं 1935 ला पार्कर ब्रदर्सनी 'मोनोपॉली' बाजारात आणला आणि बाईंचा मुद्दा गेला खड्ड्यात. तू पोरांना व्यापार दे, पण नाणेफेक करून एकाला दुप्पट पैसे आणि दोन फासे, दुसऱ्याला त्याच्या निम्मे आणि एक फासा. पॉल पिफ या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात असताना हेच केलं होतं, आणि जिंकलेले लोक नंतर आपण काय काय हुशारी केली ते सांगत बसले, नाणेफेकीचं नाव फारसं निघालं नाही.

पाण्याचा खेळही आहे, दहा मिनिटांचा, तुझ्या भागातल्या पोरांना लगेच लागतो. चौघांत एक वाटी, वाटीत सोळा शेंगदाणे. ही विहीर. प्रत्येकानं न बोलता हवे तेवढे घ्यायचे, उरतील तेवढे मी दुप्पट करणार, सोळाच्या वर नाही. माझ्याकडं बहुतेक वाट्या पहिल्याच फेरीत रिकाम्या व्हायच्या. मग बोलायची परवानगी दिली की दोन-दोन घेऊन डाव चालू राहायचा. गॅरेट हार्डिन 1968 मध्ये म्हणाले होते की सामायिक गोष्ट लोक ओरबाडून संपवतात, आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंनी दाखवलं की लोकांना एकत्र बसून नियम करू दिले तर दरवेळी तसं होत नाही, 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याबद्दल मिळालं. त्यानंतर पोरांना विचार, तुमच्या गावच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, कधी घालायच्या आणि कधी काढायच्या हे कोण ठरवतं. पुढचा तास ते स्वतःच घेतील. फक्त शेंगदाणे खाऊन टाकतात, जास्तीचे ठेव.

राहिले विभागप्रमुख. त्यांच्याशी वाद घालू नकोस, सीएचबीवर आहेस, पुढच्या जूनला परत बोलवायचं त्यांच्याच हातात आहे, ही पण एक पाकिटांचीच गोष्ट म्हण. टाचण वहीत व्यवस्थित लिही, घटक सामाजिक स्तरीकरण, पद्धत कृतियुक्त अध्यापन, वेळ दोन तास, उद्दिष्टं तीन. 'खेळ' हा शब्दच लिहू नकोस, त्या शब्दानंच त्यांच्या कपाळावर आठ्या येतात. आणि बोलायची वेळ आलीच तर सामाजिकीकरणाच्या धड्यातला जॉर्ज हर्बर्ट मीड हा अमेरिकन विचारवंत आहे हाताशी. तो माणूस पोरांच्या खेळण्यावरच सिद्धांत मांडून गेला, आधी भातुकलीत आई-बाबा व्हायचं म्हणजे एकेकाची भूमिका घ्यायची, मग टीममध्ये खेळताना सगळ्यांच्या जागा एकदम डोक्यात ठेवायच्या. त्यानं बेसबॉल सांगितला, तू कबड्डी सांग. सरांना एकदा वर्गात बोलवून मागच्या बाकावर बसव, पण पाकीट देऊ नकोस त्यांना, खालची रांग आली तर पंचाईत.

78 पोरांना एकदम खेळवायचं नाही. चोवीस खेळतील, बाकीच्यांना दोन-दोन खेळाडू वाटून दे आणि वही काढायला लाव. कुणी कुणाशी सौदा केला, कुणी बोलायचं बंद केलं, हसणं कधी थांबलं, मिनिटासकट. हीच निरीक्षण पद्धत, आणि अंतर्गत मार्कांना हाच रिपोर्ट चालतो का ते विचारून घे. खेळायला कुणी नको म्हणालं तर कारण न विचारता त्याला निरीक्षक कर. त्या मुलीला तर विचारायचंही नाही, तिलाच आधी वही दे, ढीगभर कागद दे, आणि पाकिटं भरायला मदतीला घे. ढीग कुठला कुठला हे तुझ्याशिवाय माहीत असलेली ती एकटीच असू दे. बरं वाटेल की नाही सांगता येत नाही, पण यावेळी डाव तिच्या हातात असेल.

सामानाचं म्हणशील तर चिंचोके विकत घेऊ नकोस, चिंच फोडायच्या दिवसांत कुठल्याही शेजारणीकडं पाटीभर मिळतात. गोट्या मात्र मोजून दे आणि मोजून घे. माझ्या दरवर्षी सात-आठ कमी भरायच्या, आणि मी सुरुवातीची दोन वर्षं खालच्या रांगेचे खिसे तपासले. नंतर एकदा सहज वरच्यांचे तपासले.